पदवी नसलेला पंडित हार्वर्डला निघतो: धर्मानंद कोसंबी, १९१०

१/ १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका कामासाठी एक गोमंतकीय पंडित अमेरिकेला निघाले. त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही त्या कामासाठी त्यांच्याइतका सिद्ध माणूस मिळणे कठीण होते. हे पंडित म्हणजे धर्मानंद कोसंबी. त्यांची ही सिद्धता कशी झाली, त्याचा हा धागा.

२/ आधी ते काम पाहू. आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकातील पाली ग्रंथ. हेन्री क्लार्क वॉरन हे अमेरिकी अभ्यासक त्याची चिकित्सक आवृत्ती तयार करीत होते. जानेवारी १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अपुरे राहिले.

३/ पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहिली जाते, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत. वॉरन यांच्यापुढची हस्तलिखिते या दोन लिप्यांतील होती. पाठभेद ताडून पाहण्यास दोन्ही लिप्या सहज वाचणारा आणि बौद्ध परिभाषा मुरलेला माणूस हवा होता.

४/ त्याच १८९९ सालाच्या अखेरीस २३ वर्षांच्या धर्मानंदांनी गोव्यातील घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही माणिक. एका मराठी मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली होती आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घेण्याची ओढ त्यांना लागली होती.

५/ पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया असा प्रवास करीत १९०२ मध्ये ते श्रीलंकेला पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकले होते. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पालीचे अध्ययन झाले. पुढे ते ब्रह्मदेशातील विहारांत राहिले. दोन्ही लिप्या त्यांना अवगत झाल्या त्या अशा. त्या वेळी हार्वर्ड त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

६/ १९०६ मध्ये भिक्षुवेष सोडून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. कलकत्त्याचा पगार याहून अधिक होता. तरीही आपल्या लोकांत बुद्धविचार पोहोचावा म्हणून त्यांनी ५० रुपये पत्करले.

७/ याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स योगसूत्रांच्या अभ्यासासाठी भारतात आले होते. त्यांची आणि धर्मानंदांची ओळख झाली. वॉरन यांचे अपुरे काम कोणाकडे सोपवावे, याचे उत्तर हार्वर्डला मिळाले.

८/ बोलावणे आले, पण निघणे सोपे नव्हते. धर्मानंदांचे शालेय शिक्षण बेताचे होते आणि इंग्रजीचे ज्ञान स्वतःच्या खटपटीने मिळवलेले. धाकटा दामोदर अजून तीन वर्षांचाही नव्हता. संसार पुन्हा एकदा बाळाबाईंवर टाकून त्यांनी समुद्र ओलांडला.

९/ तेथे काम झाले, पण ग्रंथावर श्रेय कोणाचे आणि किती, यावरून ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन यांच्याशी तीव्र मतभेद झाले. धर्मानंदांनी दुय्यम स्थान स्वीकारले नाही. १९१२ मध्ये ते भारतात परतले.

१०/ त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. चिं. वि. राजवाडे आणि पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली घडले. १९१८ मध्ये हार्वर्डने पुन्हा बोलावले, तेव्हा माणिक आणि दामोदर त्यांच्याबरोबर होते. हाच दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून ख्यातकीर्त झाला.

११/ ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती धर्मानंदांनी १९४० मध्ये मुंबईतून प्रसिद्ध करविली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून कोसंबी यांचे नाव आहे. वॉरन यांना जाऊन तेव्हा ५१ वर्षे झाली होती, धर्मानंदांना तीन.

१२/ हार्वर्डला लागणारी योग्यता विहारांत आणि अन्नछत्रांत तयार झाली; तिला प्रमाणपत्र नव्हते. तिची किंमत धर्मानंदांइतकीच बाळाबाईंनीही मोजली होती, आणि त्यांचे नाव कोणत्याच मुखपृष्ठावर नाही.