सीताबर्डीच्या टेकडीचे थर

नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीचे नाव इतिहासात येते ते 1817 सालच्या लढाईमुळे. आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची तेथे गाठ पडली आणि नागपूरकरांच्या राज्याचे भवितव्य तेथेच ठरले. परंतु या टेकडीच्या पोटात त्याहून फार प्राचीन असा एक इतिहास दडलेला आहे. तो वाचण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न ज्याने केला, तो स्टीफन हिस्लॉप त्याच 1817 साली स्कॉटलंडमध्ये जन्मास आला, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

हिस्लॉप 1845 मध्ये धर्मोपदेशक म्हणून नागपुरास आला. शाळा चालविणे व खेडोपाडी हिंडणे हा त्याचा व्यवसाय. दगड गोळा करणे हा केवळ छंद. मात्र या छंदास नागपूरसारखी भूमी क्वचितच लाभते. शहराच्या पश्चिमेस दख्खनच्या काळ्या पाषाणाचा अफाट विस्तार सुरू होतो. पूर्वेस त्याहून कितीतरी जुना, पट्टे-पट्टे असलेला स्फटिकमय खडक उघडा पडतो. आणि कामठीच्या बाजूस वालुकाश्माचे थर लागतात. एका दिवसाच्या रपेटीत पृथ्वीच्या आयुष्यातील तीन निरनिराळी पर्वे ओलांडता यावीत, अशी ही जागा आहे.

भूस्तरांचा नकाशा तयार करणे म्हणजे केवळ कोठे कोणता दगड आहे एवढे टिपणे नव्हे. कोणता थर कोणावर बसला आहे, तो कोणत्या दिशेस कलला आहे, मातीखाली दडलेली दोन खडकांची सीमा पुन्हा कोठे वर येते, हे नाल्यांचे काठ, विहिरी आणि खाणी धुंडाळून ठरवावे लागते. हिस्लॉप व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी हे काम फावल्या वेळात केले, आणि 1855 मध्ये नागपूरच्या आसमंतातील भूस्तर व जीवाश्म यांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या निबंधातील खरा पेच सीताबर्डीच्याच टेकडीत होता. वर काळा पाषाण, खालीही काळा पाषाण, आणि दोहोंच्या मध्ये गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचा एक पातळ थर. त्यात फायसा नावाच्या गोगलगाईंचे शिंपले होते. जवळच्या टाकळीच्या अशाच थरात फळे व बिया दगड होऊन राहिल्या होत्या. आगीच्या दोन थरांमध्ये हे तळे आले कोठून?

हिस्लॉपने उत्तर दिले ते असे : प्रथम तळे होते, त्यावर लाव्हारस पसरून वरचा खडक झाला, आणि पुढे कधीतरी वितळलेला खडक खालून शिरून गाळाच्या तळाशी थिजला. हा तर्क निराधार नव्हता. थरांच्या फटींत शिरलेले असे खडक इतरत्र पाहण्यात आले होते.

तथापि तो चुकीचा ठरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड याने 1860 नंतरच्या दशकात पश्चिम व मध्य भारताचा मोठा मुलूख पालथा घातला. त्यावरून असे सिद्ध झाले की, खालचा पाषाणही पृष्ठभागावरूनच वाहत आलेला आहे. लाव्हारसाचा एक पूर येई, थिजे. त्याच्या खोलगट भागांत पाणी साचे, झाडे उगवत, गोगलगाई नांदत. आणि मग दुसरा पूर येऊन ती सारी सृष्टी गाडून टाकी. थरांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसाच होता. वरचा नंतरचा, खालचा आधीचा.

हे उत्तर पूर्णपणे प्रस्थापित झालेले पाहणे हिस्लॉपच्या नशिबी नव्हते. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना बोरीजवळ पुराने फुगलेल्या नदीत तो बुडाला. मध्य प्रांतातील आदिवासींविषयी त्याने जमविलेली टिपणे रिचर्ड टेम्पलने 1866 मध्ये संपादून प्रसिद्ध केली.

या थरांचे वय हा दुसरा वाद मात्र पुष्कळ काळ चालला. हिस्लॉपने शिंपल्यांवरून ते तृतीयक युगाच्या आरंभीचे मानले होते. पुढे अनेकांनी त्यांना त्याआधीच्या खडू-युगात ढकलले. 1934 मध्ये बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे पुन्हा तृतीयक युगाचा पक्ष घेतला. खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मोजणीने आज असे दिसते की, दख्खनचे हे लाव्हारसाचे पूर सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी, म्हणजे दोन्ही युगांच्या सीमेवरच आले. सीमेच्या अलीकडे व पलीकडे उभे राहून भांडणारे दोन्ही पक्ष त्या सीमेपासून फारसे दूर नव्हते.

हिस्लॉपचे अनुमान चुकले, पण त्याचे निरीक्षण टिकले. कोणता थर कोठे आहे व त्यात काय सापडले, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदविले होते. म्हणूनच त्याची चूक दुरुस्त करणे इतरांस शक्य झाले. लढाईच्या त्या टेकडीने राज्ये बदललेली पाहिली. परंतु तिच्या पोटातील तो पातळ थर सांगतो की, आगीच्या दोन पुरांच्या मधल्या अवकाशातही जीवसृष्टीने येथे आपले बिऱ्हाड थाटले होते.