अंतर, खोली आणि क्षेत्रफळ : भूजल नियमन व डेटा सेंटर

जालना जिल्ह्यातील केदारखेडा (ता. भोकरदन) परिसर बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठत असल्याने एका खोल विंधन विहिरीमुळे शेजारची विहीर आटू शकते. म्हणूनच १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत विनापरवाना विहीर खोदण्यास मनाई केली. त्याची जागा घेणारा २००९ चा अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. त्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल नवीन विहिरींना बंदी केली. पहिल्याने अंतर मोजले, दुसऱ्याने खोली.

ऐरोली-महापे पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांच्या बाबतीत माप पुन्हा बदलते. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत त्यांना स्वतंत्र वर्ग दिलेला नव्हता; २०,००० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राचे बांधकाम म्हणूनच त्यांना पूर्वमंजुरी लागे. अर्थात, संगणकांची उष्णता क्षेत्रफळावर नव्हे, विजेच्या वापरावर ठरते. शेतात दिलेल्या पाण्याचा काही अंश तरी पुन्हा जमिनीत मुरतो. शीतकरण मनोऱ्यातून वाफ झालेले पाणी त्या विहिरीकडे परतत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर जगलेल्या जालना जिल्ह्यात हा भेद केवळ तांत्रिक ठरत नाही.