चिमटीतलं माप

बुलेटच्या इंजिनाच्या उजव्या अंगाला, सिलिंडरच्या तळाशी, एका नटावर घट्ट बसलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की व्हॉल्व्ह उघडणारे दोन पुशरॉड दिसतात. नांदेड-लातूरकडचा जुना मिस्त्री गरम इंजिनाच्या टॅपेटला हात लावत नाही. गाडी थंड झाल्यावर तो पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणतो आणि रॉड अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरतो. रॉड सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हेच लिहिलेलं आहे: थंड इंजिनावर टॅपेटची फट शून्य. ते पुस्तक कधीही न उघडलेल्या माणसांनी हे माप बोटांत जपलं.

मराठवाड्यात गॅरेजमधल्या जाणत्या मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या उर्दूची ही खूण. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली होती. मोटारसायकली घरोघरी यायला मात्र बराच काळ जावा लागला.

१९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि ३४६ सीसीची बुलेट इथे बनू लागली. साठच्या दशकात म्हैसूरची जावा आली, एस्कॉर्ट्‌सची राजदूत आली. जावाचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होई. राजदूतचं इंजिन पोलंडच्या एसएचएल गाडीच्या घडणीचं. या तिघींचं एका बाबतीत जमत होतं: सिलिंडर एक, कार्बोरेटर एक, प्लग एक. झाडाखाली पोतं अंथरून अख्खं इंजिन खोलता येई.

राजदूत-जावा टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे सायलेन्सरात काजळी साचायची आणि चढावर गाडी दम सोडायची. मग सायलेन्सर उतरवून जाळून काढायचा. हेड खोलून पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडताना अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडू नये, एवढी काळजी नव्या पोराला पहिल्या दिवसापासून शिकवली जाई.

मॅन्युअल इंग्रजीत होती. इंग्लंडमध्ये हेक्राफ्ट या लेखकाचं ‘द बुक ऑफ द रॉयल एन्फिल्ड’ मालकांसाठी छापलेलं होतं. आपल्याकडे मालक पुस्तक घेत नसे, गाडी घेऊन उस्तादाकडे जाई. बुलेटच्या इग्निशनच्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगीचं टायमिंग लावताना पिस्टन माथ्याच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना पॉइंट उघडले पाहिजेत. फट मोजायचं फीलर गेज नसलं तरी काम अडत नसे. प्लगच्या भोकातून सायकलची तार सोडून पिस्टन कुठे आहे ते पाहायचं, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा आणि तो अलगद सुटला तो क्षण पकडायचा. याला जुगाड म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. पॉइंट नेमके कधी उघडतात हे कागद चोख सांगतो. उरतो तो प्रश्न हाताच्या सवयीचा.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ म्हणत. फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळायची कटकट नाही, लिटरमागे पळणारं अंतर मोठं. लोहा, अहमदपूर, चाकूरच्या रस्त्यांवर शेतकऱ्याला हेच हवं होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झालं आणि बहुतेक नव्या गाड्यांवर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. सिलिंडर अजूनही एकच, पण बिघाड आता स्कॅनर लावून वाचावा लागतो.

काळी माती चिकटलेल्या गाड्या दुरुस्त करता करता हात काळे झालेले उस्ताद अजून आपल्यात आहेत. तुमच्या गल्लीत असा कोणी असेल तर एक दुपार त्यांच्याजवळ बसा. टॅपेट, पॉइंट, टायमिंग ते कसं लावतात ते फोटोंसह, त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून ठेवा. तारीख आणि गाडीचं मॉडेल टाकायला विसरू नका.