सबब वृद्धापकाळ

साक्रीतले आमचे घर विकायचे ठरले, तेव्हा पत्र्याच्या पेटीतून एक जुना कागद निघाला. आजोबांनी १९३२ साली हे घर घेतले, त्याचे ते खरेदीखत होते. मजकूर मोडीत. आमच्या घरात उर्दू वाचणारे होते, मराठी लिहिणारा मी होतो; मोडी मात्र कुणालाच येत नव्हती. धुळ्याच्या एका जाणकार स्नेह्याने ते वाचून दाखवले. घर, ओटा, परस, जाण्यायेण्याची वाट, चतुःसीमा, सारे नेहमीचेच. पण मध्येच एक ओळ होती. विकणारे पतिपत्नी वृद्ध झाले आहेत, धाब्याची निगा त्यांच्याने होत नाही, सबब हे घर विकून ते लहान घर घेणार आहेत.

मी थबकलो. ज्या घराला आम्ही तीन पिढ्या वडिलोपार्जित म्हणत आलो, ते कुणीतरी वेळेवर मोकळे केलेले घर होते.

ज्यांनी धाब्याच्या घरात दिवस काढले आहेत, त्यांना त्या ओळीचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्या भागातली जुनी घरे सपाट मातीच्या छपराची. खाली लाकडी कड्या, त्यांवर फळ्या, वर मातीचा जाड थर आणि त्यावर खारी माती. उन्हाळ्यात आत गारवा असतो. पण मृग लागण्याआधी दरसाल वर चढावे लागते. भेगा बुजवायच्या, नवी खारी माती पसरायची, पन्हळ मोकळी करायची. एक वर्ष हयगय झाली की पाणी मुरते आणि कडी कुजू लागते. असे घर पैशाइतकेच माणसाचे गुडघेही मागते.

पूर्वी हे मागणे घराण्यात वाटले जाई. आजोबा थकले की अब्बा चढत, अब्बा थकले की आम्ही भाऊ चढत असू. माणसे म्हातारी होत, पण घराला मात्र कुणीतरी तरुण मिळत असे. त्यामुळे घर केव्हा विकावे हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. नागपूर-सुरत महामार्ग साक्रीवरून जातो. त्याच रस्त्याने आमच्या गल्लीतली मुले सुरतेला गेली, काही नाशिक-पुण्याला गेली. मी नोकरीसाठी धुळ्याला आलो, धाकटा भाऊ सुरतेत स्थिरावला. जो रस्ता माणसे घेऊन गेला, त्यानेच गावातल्या जागांचे भाव वाढवले. घरात उरली ती अम्मी, वय ७८.

हे घर तिच्या मालकीचे होते. अब्बांनी मेहरच्या रकमेपोटी ते रीतसर नोंदणी करून तिच्या नावे केले होते. आमच्या कायद्यात मुलाला जन्माने हक्क मिळत नाही. आईबाप हयात असेपर्यंत त्यांच्या मिळकतीचे धनी तेच. वारसांचा हिस्सा त्यांच्या पश्चात उघडतो. हिंदू एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित घराची गोष्ट वेगळी. तिथे मुलांचा हक्क जन्माने येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही तितकाच. म्हणून घर विकण्याचा विचार मनात येताच पहिला प्रश्न भावाचा नसावा, मालकीचा असावा. कागदावर कोण आहे आणि कुणाकुणाच्या सह्या लागतील, हे आधी पाहावे.

भावाचे म्हणणे होते, चार वर्षे थांबू, दर दुप्पट होईल. मी म्हणत होतो, घर आम्हा भावंडांच्या नावे करून अम्मीने माझ्याकडे धुळ्याला यावे. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण एका पावसाळ्यात ती धाब्याच्या जिन्यावरून घसरली, मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर तिने आम्हा दोघांना समोर बसवले आणि म्हणाली, "भाव तो चढेगा बेटा, मैं जीना कैसे चढूँगी?"

माझ्या सल्ल्यातली खोट मला नंतर कळली. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. त्यातले अप्पासाहेब बेलवलकर हयातीतच सारे मुलांना वाटून देतात आणि शेवटी बेघर होतात. ते नाटक पाहून माझी पिढी रडली. घरी येऊन मात्र आपण आईला सांगतो, नावावर करून टाक. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, रद्द ठरवून घेता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने याच कलमाखाली निकाल दिला. तरीही ती अट दस्तात लिहिलेली असणे बरे. आणि म्हातारपणी पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्यापेक्षा, घर आपल्याच हाताने विकून पैसा आपल्याच नावे ठेवणे कितीतरी बरे.

अम्मीने तेच केले. इस्लामी कायद्यात शुफा नावाचा हक्क सांगितला आहे. घर विकताना भागीदाराला किंवा शेजाऱ्याला आधी विचारावे, असा त्याचा भाव. कोर्टात तो किती टिकेल या भानगडीत ती पडली नाही. पूर्वेच्या चतुःसीमेवरच्या शेजाऱ्याला तिने बोलावले. त्यांचे कुटुंब वाढले होते, त्यांना जागा हवी होती. दलालाच्या आकड्यापेक्षा थोडे कमी मिळाले. त्यातून तिने साक्रीतच दोन खोल्यांचे, जिना नसलेले घर घेतले. उरलेल्यातून काही रक्कम टपालखात्यातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली. दर तिमाहीला व्याज येते, ते ती स्वतः जाऊन काढते.

सामान काढायला मात्र महिना गेला. भांडी, पलंग, कोठ्या वाटल्या गेल्या. कागदांची रद्दी करायला मी तयार होतो, तेवढ्यात इतिहासाचार्य राजवाडे आठवले. अशाच घराघरांतल्या जुन्या दप्तरांतून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने शोधली. १८९८ साली त्यांचा पहिला खंड निघाला. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्यांना आठवून मी एकेक कागद वाचत गेलो, म्हणून ते खरेदीखत हाती लागले.

दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात संगणकावर तिचा फोटो निघाला, अंगठा उमटला. नव्या खरेदीखताचा मसुदा मी तिला वाचून दाखवला होता. क्षेत्रफळ, मोबदला, चतुःसीमा, सारे बिनचूक होते. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "वजह नहीं लिखी?"

दस्तलेखक म्हणाले, हल्ली लिहीत नाहीत. मी त्यांना मोडी दस्ताची गोष्ट सांगितली. त्यांनी हसून एक ओळ घातली: लिहून देणार वृद्ध असून घराची निगा होत नाही, सबब स्वखुशीने विक्री.

'स्वखुशीने' हा शब्द आजोबांच्या कागदात नव्हता. तो अम्मीने सांगून घालून घेतला, आणि खाली उर्दूत सावकाश सही केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)