गोमतीच्या मत्स्यनौकेपासून ‘बंगाल’ बोटीपर्यंत

लखनौच्या हजरतगंजातून कुठल्याही दिशेला निघालं तरी आठशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे माणसं येतात ती फिरायला, खरेदीला, टोकरी चाट खायला. मुलंबाळं, मित्रमैत्रिणी असा घोळका या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत जातो. उत्तरेला जेमतेम किलोमीटरभरावर गोमती आहे, पण गंजमध्ये उभं राहून तिची चाहूलही लागत नाही. मध्ये इमारती, वाहता रस्ता आणि मातीचा उंच बांध.

दोनशे वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. तेव्हा लखनौच्या दरबाराचा उन्हाळा नदीवर जायचा. आणि ज्या बादशहामुळे या बाजाराला हजरतगंज हे नाव मिळालं, त्या अमजद अली शाहाची बेगम पुढे मुलाला, नातवाला आणि शंभराहून अधिक माणसांना घेऊन भर समुद्रावर निघाली. गोमतीवरच्या सहलींपासून त्या सफरीपर्यंतचा पल्ला एका राजघराण्याने पन्नासेक वर्षांत गाठला.

सुरुवात एका फ्रेंच माणसाच्या घरापासून करावी लागते. लिऑनहून हिंदुस्थानात आलेला क्लॉद मार्टिन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी झाला आणि लखनौत श्रीमंत झाला. १७८१ साली त्याने गोमतीच्या अगदी काठावर कोठी बांधली. तिचं पुढचं नाव फरहत बख्श. या कोठीला तळघराचे दोन मजले होते. चैत्र-वैशाखात नदी उतरली की मार्टिन सर्वांत खालच्या दालनात मुक्काम हलवायचा, कारण बाहेर लू पेटलेली असताना तिथे गारवा असायचा. पावसाळ्यात पाणी चढू लागलं की तोही एकेक मजला वर सरकायचा, आणि तळघरं नदीच्या स्वाधीन व्हायची. पूर ओसरला की गाळ काढून डागडुजी. नदीशी इतकं जुळवून घेतलेलं घर उत्तर हिंदुस्थानात क्वचितच झालं असेल. मार्टिन १८०० साली वारला, नवाब सआदत अली खानाने ही कोठी विकत घेतली, आणि अवधच्या राज्यकर्त्यांचं राहणं नदीकाठी आलं. कोठीला लागून पुढे सोनेरी छत्रीची छत्तर मंझिल उभी राहिली. गाजीउद्दीन हैदरने तिचं काम सुरू केलं, मुलगा नसीरुद्दीनने ते पुरं केलं. पूर्वेला काठाकाठाने मोती महल, त्यापुढे शाह नजफ. राजवाड्यातून बागेत जायचं तर होडी हे सोयीचं वाहन होतं.

होड्याही तशाच. बजरा म्हणजे मधोमध खोली असलेली रुंद, संथ नाव. खिडक्यांना चिका सोडल्या की जनान्यालाही पडदा सांभाळून नदी पाहता यायची. मोरपंखीच्या नाळेवर मोर कोरलेला असायचा. सर्वांत नावाजली ती मत्स्यनौका. मासा हे अवधचं राजचिन्ह. घराण्याचा मूळपुरुष बुऱ्हान-उल-मुल्क गंगा ओलांडत असताना त्याच्या मांडीवर मासा उडी मारून आला, अशी आख्यायिका आहे. लखनौच्या दरवाज्यांच्या कमानींवर मासळीची जोडी आजही दिसते, उत्तर प्रदेशाच्या शासकीय मुद्रेतही ती आहे. त्या मासळीच्या आकाराची शाही नौका गोमतीत तरंगत असे. गाजीउद्दीनचा दरबारी चित्रकार रॉबर्ट होम तसबिरी रंगवण्याबरोबर बादशहासाठी नौका, बग्ग्या आणि सामानसुमानाचे आराखडेही काढायचा. ते आराखडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

याच गाजीउद्दीनच्या हौसेपोटी एक मोठी गोष्ट घडली. हिंदुस्थानातली पहिली आगबोट १८१९ च्या सुमारास चालली, ती लखनौत, गोमतीवर. आठ अश्वशक्तीचं इंजिन इंग्लंडातून आलं आणि सहलीच्या एका नौकेत बसवलं गेलं. कलकत्त्याच्या हुगळीत ‘डायना’ धावू लागली ती १८२३ मध्ये. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ सुएझला निघाली ती १८३० साली. बंदरांच्या आधी, समुद्रापासून एवढ्या आत, एका बादशहाच्या करमणुकीसाठी वाफेचं यंत्र पाण्यावर चाललं.

१८२४ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर लखनौला आला, तेव्हा बादशहाने त्याला न्याहारीला बोलावलं. तिथल्या गप्पांची नोंद हेबरने करून ठेवली आहे. वाफेच्या इंजिनांवर बोलणं झालं, आणि जहाजाच्या बुडाशी मळसूत्री चाक बसवून ते पुढे ढकलण्याच्या नव्या युक्तीवरही. बादशहाच्या चाकरीतल्या एका इंग्रज कारागिराने ती काढली होती. त्या काळी जगभरच्या आगबोटी बाजूच्या मोठ्या चाकांवर चालत. आज प्रत्येक जहाजाच्या आणि मच्छीमार ट्रॉलरच्या बुडाशी जो पंखा फिरतो, त्याचे यशस्वी प्रयोग युरोपात व्हायला त्यानंतर दहा-बारा वर्षं जायची होती. अवधचे राजे म्हणजे पतंग, कोंबड्यांच्या झुंजी आणि नाचगाणी, एवढंच चित्र राज्य खालसा करणाऱ्यांनी रंगवलं आणि आपणही ते फार काळ वागवलं. लखनौच्या त्या न्याहारीला त्यात जागा मिळाली नाही, हे खटकतं.

अमजद अली शाह १८४२ मध्ये गादीवर आला. धार्मिक, अबोल, नदीवरच्या मौजमजेत फारसा न रमणारा. त्याच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत गोमतीवर लोखंडी पूल उभा राहिला. सआदत अली खानाने तो इंग्लंडातून मागवला होता. जॉन रेनी या नामांकित अभियंत्याने आखलेल्या त्या पुलाचे सुटे भाग येऊन पडले आणि कित्येक वर्षं काठावर तसेच राहिले. कानपूरचा पक्का रस्ताही याच बादशहाचा. चायना बाजार आणि कप्तान बाजार नसीरुद्दीनच्या वेळेपासून होतेच. त्या परिसराला अमजद अलीच्या ‘हजरत’ या उपाधीवरून नवं नाव मिळालं. १८४७ मध्ये तो वारला. त्याची कबर हजरतगंजातच सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे, दुकानांच्या रांगेमागे.

त्याची बेगम मलिका किश्वर मागे राहिली. मुलगा वाजिद अली शाह बादशहा झाला. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी कंपनीने अवध खालसा केलं. त्याआधी १ फेब्रुवारीला रेसिडेंट जेम्स औट्रम राजमातेला भेटला होता. मुलाकडून तहनाम्यावर सही करवून घ्यावी म्हणून तो आला होता. तिने मुदत मागितली, सुधारणा करायची संधी मागितली. ती मिळाली नाही. वाजिद अली शाहाने सही केली नाही. त्याने आपली पगडी उतरवून औट्रमच्या हातात ठेवली.

मग आला १८५६ चा उन्हाळा. १३ मार्चला बादशहाने लखनौ सोडलं. बरोबर आई, भाऊ, बेगमा, मुलं, वकील, नोकरचाकर. कानपूर, अलाहाबाद, बनारस हा टप्पा रस्त्याने झाला. बनारसहून आगबोटीने गंगा उतरत मंडळी कलकत्त्याला पोचली तेव्हा १३ मे उजाडला होता. गाऱ्हाणं थेट व्हिक्टोरिया राणीपुढे घालायचं ठरलं होतं, पण बादशहाची प्रकृती साथ देईना. तेव्हा आईने जायचं ठरवलं.

१८ जून १८५६. या सुमाराला कोकणात मृगाच्या आधीच मचवे-पडाव ओढून किनाऱ्यावर घेतलेले असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. अशा खवळलेल्या दिवसांत, उभ्या आयुष्यात नदीपलीकडचं पाणी न पाहिलेली एक पडदानशीन बाई हुगळीच्या मुखातून बंगालच्या उपसागरात गेली. सोबत धाकटा मुलगा सिकंदर हशमत, युवराज असलेला नातू हामिद अली, आणि सेवक, खोजे, दासी, मुनशी असा शंभराहून मोठा लवाजमा. मौलवी मसीहुद्दीन हा काकोरीचा मुत्सद्दी त्यांच्या कामाचा सूत्रधार.

बोटीचं नाव ‘बंगाल’. पी अँड ओ कंपनीची ही लोखंडी बोट तेव्हाच्या मोठ्या जहाजांपैकी एक होती आणि ती मळसूत्री पंख्यावर चालत होती. गाजीउद्दीनच्या न्याहारीतल्या गप्पांचा विषय बत्तीस वर्षांनी त्याच्याच घराण्यातल्या माणसांना समुद्रापार नेत होता.

या बोटींचा ठरलेला मार्ग किनाऱ्याने मद्रासला, तिथून सिंहलद्वीपातल्या गाल बंदराला, मग अरबी समुद्र ओलांडून एडन आणि तांबड्या समुद्रातून सुएझ. नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा समोरून. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. तो १८६९ मध्ये उघडला. सुएझला उतरून वाळवंटातून कैरो, तिथून अलेक्झांड्रिया, आणि पुढे दुसरं जहाज. एवढ्या चढउतारात प्रत्येक ठिकाणी पडदा सांभाळायचा होता. राणीसाठी नेलेल्या जवाहिरांची पेटी सुएझच्या वाटेवर पाण्यात पडल्याचं सांगतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ही मंडळी साउदॅम्प्टनला पोचली. बंदरावर बघ्यांची झुंबड उडाली. एका राज्याची राजमाता, तीही बुरख्याआड, इंग्लंडात न्याय मागायला आली होती. लंडनमध्ये हार्ले हाउस भाड्याने घेऊन बिऱ्हाड थाटलं गेलं.

मराठी वाचकाला इथे रंगो बापूजी आठवतो. साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींचा हा वकील याच लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षं कंपनीच्या आणि पार्लमेंटच्या पायऱ्या झिजवून १८५३ च्या अखेरीस परत फिरला होता. त्याच्या मागोमाग नानासाहेब पेशव्यांचा अजीमुल्ला खान गेला, तोही हात हलवत आला. मलिका किश्वरच्या सल्लागारांना हे ठाऊक नसेल असं वाटत नाही. तरीही ती गेली. वकील पाठवून भागत नाही हे कळल्यावर घरातल्या थोरल्या बाईने स्वतः निघावं, यातला धीर आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी नीट नोंदवायला हवा होता.

राणीची भेट मिळायला जवळपास वर्ष गेलं. दिवस होता ४ जुलै १८५७. तोवर मेरठच्या उठावाची बातमी लंडनला येऊन थडकली होती. त्याच दिवशी इकडे लखनौच्या वेढलेल्या रेसिडेन्सीत सर हेन्री लॉरेन्स तोफगोळ्याच्या जखमेने मेला. लखनौमध्ये वाजिद अली शाहाची मागे राहिलेली बेगम हजरत महल हिने झेंडा हाती घेतला, आणि लंडनमध्ये तिच्या सासूच्या अर्जाला काही भवितव्य उरलं नाही.

परतायचं ठरवून ती जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसला गेली. २४ जानेवारीला तिथेच वारली. पेर लाशेज दफनभूमीतल्या मुस्लिम विभागात तिला पुरलं. सिकंदर हशमत सुमारे महिन्याभराने लंडनला मरण पावला. त्यालाही आणून आईशेजारी ठेवलं. नवऱ्याची कबर हजरतगंजात, बायकोची पॅरिसात. वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्ज इथे हुगळीच्या काठी दुसरं लखनौ उभं करत राहिला आणि १८८७ मध्ये तिथेच गेला.

१८५८ च्या मार्चमध्ये इंग्रज फौजा हजरतगंजच्या बाजूने शहरात घुसल्या. बेगम कोठीसाठी मोठी लढाई झाली. दिल्लीत शहजाद्यांना गोळ्या घालणारा हॉडसन तिथेच जबर जखमी होऊन मेला. त्याच वर्षी फेलिचे बेआतो कॅमेरा घेऊन आला. छत्तर मंझिलच्या समोर, गोमतीत उभ्या असलेल्या मत्स्यनौकेचं त्याने काढलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. धनी परागंदा झाला होता. नाव मात्र अजून पाण्यात होती.

नंतरचं हजरतगंज साहेबी वळणाने वाढलं आणि त्याची तोंडं रस्त्याकडे वळली. नदी मागे पडली. तिने आठवण करून दिली ती पुराच्या रूपात. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये गोमतीचं पाणी थेट हजरतगंजात शिरलं आणि ज्या रस्त्यावर लोक फिरायला येत, तिथे होड्या घालाव्या लागल्या. त्यानंतर काठांवर उंच बांध घातले गेले. शहराचं रक्षण झालं, आणि राजवाड्यांच्या पायऱ्यांचा पाण्याशी उरलासुरला संबंधही तुटला.

छत्तर मंझिलमध्ये स्वातंत्र्यानंतर अनेक दशकं केंद्रीय औषध संशोधन संस्था होती. ती गेल्यावर डागडुजी सुरू झाली आणि २०१९ मध्ये खोदकामात नदीच्या बाजूला मातीखाली एक लाकडी नौका मिळाली, सुमारे ४२ फूट लांब आणि ११ फूट रुंद. वास्तूत नदीचं पाणी आत आणणारे जुने मार्गही उघडे पडले. ही नौका कोणत्या बेगमेची, कोणत्या शहजाद्याची, यावर तर्क होत राहतील. ती जिथे मांडली जाईल तिथे होमचे आराखडे, बेआतोचं छायाचित्र आणि १८ जून १८५६ रोजी सुटलेल्या ‘बंगाल’ बोटीवरच्या माणसांची नावंही लागावीत. ही नौका ज्या घराण्याची, त्याच घराण्याची ती माणसं होती.