पठणाकडून वाचनाकडे: मराठी ख्रिस्ती बालकांच्या शास्त्राभ्यासातील भाषेचा प्रश्न

मराठीत ‘पोथी वाचणे’ या क्रियेत वाचणारा एक असतो आणि ऐकणारे अनेक. पुराणिकाने वाचावे, घरच्यांनी ऐकावे, मुलाने जवळ बसून कानावर पडेल ते साठवावे, ही आपल्याकडील धर्मग्रंथपरिचयाची जुनी रीत. प्रत्येक मुलाने रोज स्वतःच्या प्रतीतून शास्त्राचा उतारा वाचावा आणि त्याचा अर्थ स्वतः लावून पाहावा, ही प्रॉटेस्टंट कल्पना या रीतीहून सर्वस्वी वेगळी. मराठी ख्रिस्ती समाजाने मुलांना शास्त्रवाचनाची सवय लावण्याचे जे प्रयत्न केले, त्यांचा इतिहास सामान्यतः भक्तीचा किंवा शिक्षणप्रसाराचा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास तो मुख्यतः भाषेच्या निवडीचा इतिहास वाटतो. मुलाच्या हाती कोणती मराठी द्यावयाची, आणि ती कानासाठी की डोळ्यांसाठी?

या प्रश्नाचे पहिले उत्तर गोव्यात मिळाले. 1579 मध्ये तेथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीत रविवारची धर्मशिकवण चालू असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? ज्यांची पुराणे काढून घेतली गेली त्यांच्या बाजूने हा प्रश्न ग्रंथकारानेच मांडावा, हे विशेष. सुमारे 11,000 ओव्यांचे हे पुराण 1616 मध्ये छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरी खिळे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी 1608 मध्ये वरिष्ठांकडे विनंती केली होती. ती फलद्रूप झाली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये, रायतूर येथे त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी निघाली. तिचा आधार मार्कुश जॉर्ज यांची मुलांसाठी रचलेली पोर्तुगीज प्रश्नोत्तरी होती. म्हणजे मोठ्यांसाठी ओवी आणि लहानांसाठी प्रश्नोत्तर. दोन्ही रूपे तोंडपाठ होण्यासाठी घडविलेली. मुलाने एकांतात पुस्तक उघडावे ही अपेक्षा त्यांत नाही. ल्यूथरच्या 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीचा भरही पाठांतरावरच होता, तेव्हा हा भेद केवळ पंथाचा म्हणता येत नाही.

मुंबईत 1813 मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी डोळ्यांची बाजू घेतली. त्यांच्या सुरुवातीच्या शाळांचा एक विरोधाभास तौलनिक अभ्यासकांना रोचक वाटावा. शिक्षक बहुधा हिंदू, विद्यार्थी बहुधा हिंदू, आणि वाचनपुस्तक म्हणून पुढ्यात शास्त्राचे उतारे व प्रश्नोत्तरी. 1826 मध्ये नवा करार व 1847 मध्ये संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. पण छापील शास्त्राचे पहिले बालवाचक मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती नव्हतेच. शाळेतील वाचन परीक्षेसाठी असे, आणि परीक्षेसाठी केलेले वाचन पुन्हा पाठांतरात विरघळे. पुढे ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती वाढली तशी शब्बाथ शाळा आली. आठवड्याचा पाठ आणि त्यातील ‘सुवर्णवचन’ मुखोद्गत करण्याची पद्धत आली. 1872 मध्ये अमेरिकेत जगभरासाठी समान पाठांचा क्रम स्वीकारला गेला आणि 1876 मध्ये भारतीय संडे स्कूल युनियन स्थापन झाली. याच दशकात अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक निघाले. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ 1881 चे. मराठी बालनियतकालिकांच्या आरंभाची चर्चा ओकांपासून सुरू करण्याची सवय आपण सोडावयास हवी. मासिकाने पाठांतराला गोष्टीची जोड दिली. मात्र गोष्टीची भाषा एक आणि शास्त्राची दुसरी, ही फट मुलाला जाणवत असली पाहिजे.

ही फट सर्वांत तीव्रतेने ओळखली ती पंडिता रमाबाईंनी, आणि ती ओळखण्यास त्यांच्याइतकी पात्र व्यक्ती दुसरी नव्हती. वयाच्या आठव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईने त्यांच्याकडून संस्कृत ग्रंथ मुखोद्गत करून घेतले. पुराणवाचन हीच या भ्रमंती करणाऱ्या कुटुंबाची उपजीविका होती. 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले आहे, की श्रोत्यांना संस्कृत कळो वा न कळो, ऐकण्यानेच पुण्य लागते अशी समजूत होती. न कळता ऐकण्याच्या परंपरेवर पोट भरलेली ही मुलगी पुढे कळण्याची मागणी करते.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे 300 मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनाची उभारणी यातून झाली. प्रस्तुत निबंध जबलपूरजवळच्या महाराजपुरात लिहिला जात असल्याने एक गोष्ट येथे आवर्जून नोंदवावीशी वाटते. जबलपूर जिल्हा त्या दुष्काळाने होरपळलेल्या भागातच मोडत होता, आणि या उत्तरेकडील जिल्ह्यांची बोली मराठी नव्हे. 1900 च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या. म्हणजे केडगावला मराठी अक्षरओळख करून घेणाऱ्या मुलींपैकी अनेकींची मातृभाषा मराठी नव्हती. अशा मुलीने रोज शास्त्र वाचावे अशी अपेक्षा असेल, तर संस्कृतप्रचुर भाषांतर तिच्या काय उपयोगाचे? रमाबाईंच्या भाषांतराची चर्चा सहसा धर्मशास्त्रीय अंगाने, हिंदू अर्थच्छटा असलेले शब्द त्यांनी का टाळले या अंगाने होते. ते योग्यच, परंतु हा नवसाक्षर वाचकवर्ग नजरेआड केला तर त्या साधेपणाचे अर्धेच कारण सापडते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले हे काम त्यांनी ग्रीक व हिब्रू शिकून केले. मृत्यूपूर्वी, एप्रिल 1922 पर्यंत, ते पुरे झाले आणि 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. खिळे जुळविणे आणि छपाई मुक्तीतीलच मुली व स्त्रियांनी केली. एकेक अक्षर उलट्या ठशातून निवडून शास्त्राची ओळ उभी करणे ही वाचनाची किती कसून केलेली रीत आहे, हे मुद्रणाचा थोडाही परिचय असलेल्यास सांगावयास नको. वाचक आणि मुद्रक एकच असण्याची ही घटना मराठी ग्रंथेतिहासात विरळा म्हणावी लागेल.

असे असूनही रमाबाईंचे बायबल मराठी ख्रिस्ती घरांत रूढ झाले नाही. मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या रमाबाईंच्या आग्रहामुळे त्यांचे वाक्य साधे असले तरी अडखळते; त्याला लय नाही. मुलाला शब्द कळतो, वाक्य लक्षात राहत नाही. पुराणिकाच्या मुलीने पुराणाची चाल इतक्या निर्धाराने टाकून द्यावी, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास समजते, पण तिची किंमतही दिसते.

ती चाल दुसऱ्या घराने जपली. नारायण वामन टिळक यांनी 1919 मध्ये ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांची अक्षरओळखच लग्नानंतरची होती आणि ज्यांची घडण ऐकण्यावर झाली होती. लक्ष्मीबाई 1936 मध्ये वारल्या. ‘ख्रिस्तायन’ 1938 मध्ये छापून निघाले. त्यात स्टीफन्स यांच्यानंतर तीन शतकांनी येशूचे चरित्र पुन्हा ओवीत आले. यावेळी लिपी देवनागरी होती, आणि रचणारी स्त्री स्वतः त्याच श्रोतृवर्गातून आलेली होती.