पेपर ट्रेडिंग

पेपर ट्रेडिंग किंवा आभासी व्यापार म्हणजे प्रत्यक्ष पैसे न गुंतवता बाजारातील भावांच्या आधारे केलेला खरेदी-विक्रीचा सराव होय. पूर्वी शिकाऊ व्यक्ती कागदावर सौदे लिहून नफा-तोटा मांडत. त्यावरून हे नाव पडले. आता हा सराव संगणक व मोबाइलवर केला जातो. ऑर्डरचे प्रकार, मार्जिन आणि वायद्यातील रोजची हिशेबपूर्ती समजण्यासाठी तो उपयुक्त आहे. मात्र त्यात झालेला नफा प्रत्यक्ष व्यवहारातील यशाचा पुरावा ठरत नाही.

सौदा पूर्ण होण्यातील फरक

आभासी प्रणाली सहसा पडद्यावर दिसणाऱ्या भावालाच सौदा झाला असे धरते. प्रत्यक्षात तेवढ्या मालाचा खरेदीदार किंवा विक्रेता समोर असावा लागतो. ठरावीक भावाची ऑर्डर रांगेत थांबते व कधी पूर्णच होत नाही; मोठी ऑर्डर स्वतःच भाव हलवते. वायद्यात भावाने दैनिक मर्यादा गाठल्यास तोट्यातील सौद्यातून बाहेर पडणेही अवघड होते.

सोयाबीनचे उदाहरण

लातूर व नांदेड हे मराठवाड्यातील प्रमुख सोयाबीन उत्पादक जिल्हे आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला आणि नवे पीक येताच ऑक्टोबरमध्ये पाच-सहा हजारांच्या आसपास आला. या काळातील भावांवर आज केलेल्या सरावात पुढची घसरण आधीच माहीत असते. त्या वेळी माल राखून ठेवणाऱ्याला ती माहीत नव्हती.

वायद्याचा भाव ठरावीक प्रतीच्या मालाचा असतो. बाजार समितीच्या आवारात मात्र ओलावा, काडीकचरा व डागी दाणे पाहून भाव ठरतो. हमीभाव खरेदीसाठीही ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के असते. हमाली, तोलाई व वाहतूक वजा जाता हाती येणारी रक्कम पडद्यावरील आकड्यापेक्षा वेगळी असते. २० डिसेंबर २०२१ रोजी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले व ही मुदत वेळोवेळी वाढवली. स्थगितीच्या काळात सोयाबीनच्या वायद्याचा सराव केवळ जुन्या भावांवरच शक्य होता.

खर्च

दलाली, व्यवहार कर, मुद्रांक शुल्क व बाजाराचे शुल्क अनेक आभासी प्रणाली धरत नाहीत. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये समभाग वायदे व ऑप्शन्समधील वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी अशा खर्चापोटी प्रत्येकी सरासरी २६,००० रुपये मोजले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यांच्यापैकी ९३ टक्के तोट्यात राहिले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

मानसिक घटक

डॅनियल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तीव्र असते. हर्ष शेफ्रिन व मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये दाखवले की, गुंतवणूकदार नफ्यातील समभाग लवकर विकतात व तोट्यातील धरून ठेवतात. सरावात हा दबाव क्षीण असतो. खाते रिकामे झाल्यास ते पुन्हा भरता येते. पेरणीसाठी किंवा शिक्षणासाठी राखलेली रक्कम गमावल्यास तसे करता येत नाही.

भारतातील नियमन

मे २०२४ मधील परिपत्रकाद्वारे सेबीने आभासी व्यापाराच्या खेळांसाठी तात्काळ भाव पुरवण्यास मनाई केली. शिक्षणासाठी एक दिवस जुने भाव देण्यास परवानगी दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने अनधिकृत आभासी व्यापार मंचांबाबत जनतेला सावध केले. अशा मंचांवर गुंतवणूकदार संरक्षण व तक्रार निवारणाची अधिकृत यंत्रणा लागू होत नाही.